गाठमास्तरीण आणि आठ भोकांचा प्लग

गाठमास्तरीणबाई निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ज्या बाईला जन्मभर भोंग्याने उठवलं आणि भोंग्याने बसवलं, तिला आता वेळ कशासाठी बघायची होती ते देणाऱ्यांनाच ठाऊक. बाईंनी घड्याळ घेतलं, हार घालून घेतला, चार शब्द बोला म्हटल्यावर दोनच बोलल्या आणि मुलाच्या घरी राहायला आल्या.

कारखाना बस बांधायचा. बसच्या पोटात तारा असतात हे आपण कधी मनावर घेत नाही. आपल्याला बसायला जागा मिळाली की झालं. पण ड्रायव्हरच्या हॉर्नपासून मागच्या लाल दिव्यापर्यंत ज्या तारा धावतात, त्या सुट्या धावत नाहीत. त्यांचा एक लांबलचक जुडगा बांधतात, त्याला हार्नेस म्हणतात. मोठ्या फळीवर खिळे ठोकलेले असतात. तारा त्या खिळ्यांमधून फिरवायच्या, टोकांना पिना दाबायच्या, पिना प्लगाच्या भोकांत बसवायच्या आणि शेवटी मेण लावलेल्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी मारत जायचं. बाईंची गाठ अशी, की बस भंगारात गेली तरी गाठ जागची हलायची नाही. पुढे प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या. बाकीच्यांनी हुश्श केलं, बाईंनी नाक मुरडलं. पट्टी तारेला चावते, दोरा धरतो, असं त्या नव्या मुलींना सांगत. मुलींनी मागे नाव ठेवलं गाठमास्तरीण. बाईंना ते कळलं आणि आवडलंही, पण आवडलं असं दाखवायचं नसतं म्हणून आठवडाभर तोंड फुगवून बसल्या.

अशी ही बाई मुलाच्या घरी आली आणि तिचे हात रिकामे झाले. तिथेच सगळी गडबड सुरू झाली.

मुलगा शाळेत खेळ शिकवायचा. पोरगा गुणी, पण विजेच्या बाबतीत आनंदीआनंद. बल्ब बदलायचा असला तरी आधी रबरी बूट घालायचा. सून इमारतींच्या नकाशांचं काम करायची. म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतीतून लोकांना पडद्यावर फिरवून आणायची. हुशार, कामसू, गोड बोलणारी. इतकी गोड, की बाईंना गुदमरायला व्हायचं. बाईंनी कपडे वाळत घालायला घेतले की सून हातातली बादली काढून घ्यायची. भाजी चिरायला बसल्या की सुरी गायब. दाराची घंटा वाजली आणि बाई उठल्या, तर सून आतून धावत यायची, "आई, तुम्ही कशाला त्रास घेता? बसा ना."

बाई बसायच्या. बसून बसून त्यांना बसचीच आठवण यायची.

सून वाईट नव्हती, हेच तर खरं दुखणं. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ही घरातल्या पाहुण्याशी वागावं तसं वागायची, आणि पाहुणा कितीही लाडका असला तरी त्याला कुणी घरचं म्हणत नाही. आपण या घरात कशाला आहोत, हा प्रश्न बाईंना रोज सकाळी पडायचा आणि भिंतीवरचं घड्याळ त्याचं उत्तर देत नव्हतं.

तेवढ्यात सुनेच्या डोक्यात पेटी शिरली.

तिच्याकडे आजवर टेबलाखाली संगणकाचं एक धूड होतं. कामाला दांडगं, पण जागचं हलवायचं तर हमाल बोलवावा लागायचा. आता गावच्या नव्या वाचनालयाचं काम आलं होतं. ते कुणाला द्यायचं हे ठरवणारी मंडळी शनिवारी सभागृहात जमणार आणि सून त्यांना मोठ्या पडद्यावर वाचनालयातून फिरवणार. मंडळी म्हणतील तिकडे वळायचं, म्हणतील ती खिडकी उघडायची. त्यासाठी संगणक तिथे न्यायला हवा. म्हणून तिने पत्र्याची एक छोटी पेटी आणली, बुटांचा खोका असतो तेवढी, आणि एकेक भाग आणून आपल्या हाताने त्यात बसवायला घेतला.

सगळे भाग बसले. राहिलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं रंगवणारा भाग. साऱ्या पेटीत तोच थोरला, तोच महाग आणि तोच खादाड; बाकीच्या सगळ्यांना मिळून लागते त्याहून जास्त वीज त्याला एकट्याला. ती वीज पॉवर सप्लायकडून, म्हणजे साऱ्या पेटीला वीज पुरवणाऱ्या भागाकडून, एका वेगळ्या केबलने न्यावी लागते. पण सोबत आलेली केबल मोठ्या पेटीच्या मापाची होती, जाड, ताठ आणि चांगली दीड हात लांब. पेटीत कोंबली की झाकण लागेना. झाकण दाबलं की कार्डाचा प्लग वाकडा होई, आणि वाकडा बसलेला प्लग तापतो. मापाची केबल करून देणारे लोक असतात, पण त्यांच्याकडे ही रांग. शनिवार तर तोंडावर आलेला.

बाई चहाचा कप घेऊन खोलीत आल्या. चहा त्यांनी सुनेच्या नकळत केला होता, चोरी करावी तसा. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं.

"हे असं कोंबलंय कुणी?"

"मीच, आई," सून म्हणाली. "दुसरा उपायच नाही. केबल लांब आहे."

"लांब आहे तर आखूड कर."

"अशी नाही करता येत. पिना, प्लग, सगळं नव्याने करावं लागतं."

"मग करू की. दे इकडे."

सून हसली. तेच ते गोड हसू. "नको आई. तुम्ही कशाला त्रास घेता?"

दारात मुलगा उभा होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा विजेच्या विषयात तोंड घातलं. "अगं, दे तिला. आख्ख्या बस बांधल्यात तिने."

"बस वेगळी आणि हे वेगळं."

"वेगळं तर आहेच," बाई म्हणाल्या. "बस खड्ड्यात आदळते. ही तुझी पेटी टेबलावर बसून राहणार आहे, माझ्यासारखी."

हे वाक्य सुनेला जरा लागलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण गरजवंताला कधीकधी ऐकू मात्र नीट येतं. तिने केबल काढून बाईंच्या हातात दिली आणि त्याच दुपारी जाऊन नव्या तारा, पिना आणि प्लग घेऊन आली.

बाईंनी पलंगाखालून लोखंडी डबा ओढला. पिना दाबायची पक्कड, पिना काढायची बारीक सळई, मेणदोरा, जुना मीटर, सगळं जिथल्या तिथे. खिळे ठोकायला फळी हवी होती. ती त्यांनी कपाटामागून काढली. तो मुलाच्या शाळेतून बाद झालेला गुणफलक होता आणि मुलाने तो आठवण म्हणून जपला होता. हातोडीचा आवाज ऐकून तो धावत आला.

"आई, अगं त्यावर आमच्या अंतिम सामन्याचे गुण आहेत."

"बघितले. तुम्ही हरलाय," बाई म्हणाल्या आणि पुढचा खिळा ठोकला.

सप्लायसोबत आलेल्या माहितीपत्रकात प्लगाचं चित्र होतं. आठ भोकं, चार वर, चार खाली. तीन भोकांतल्या पिवळ्या तारांतून वीज कार्डाकडे जाते, उरलेल्यांतल्या काळ्या तारा तिची परतीची वाट. कुठल्या भोकात कुठली तार ते रंगांनी दाखवलेलं. बाईंनी चित्र समोर टेकवून ठेवलं आणि कामाला लागल्या. बसमध्ये हातभर तार जादा सोडायची रीत असते, पुढे दुरुस्तीला उपयोगी पडते म्हणून. इथे बोटभर जादा झाली तरी झाकण कुरकुरणार. बाईंनी सवयीचा हात आवरला आणि नेमकं माप धरलं. पिना दाबल्या, भोकांत सरकवल्या, खट्ट आवाज आला की पुढची. मग मेणदोरा घेतला. त्या गाठी मारायला लागल्या तेव्हा सून स्वतःचं काम सोडून बघत उभी राहिली. बाईंनी वर पाहिलं नाही, पण त्या गाठी त्यांनी जरा जास्तच मन लावून मारल्या, हे आपल्यात राहू द्या.

शेवटी मीटर. या टोकाची तार त्या टोकाला पोचते का, हे प्रत्येक भोकाला विचारलं. मीटरने प्रत्येक वेळी पीं करून होकार दिला. केबल पेटीत बसवली तर अशी बसली, की जणू पेटीच तिच्या मापाने केली होती. झाकण लागलं. सुनेच्या तोंडून आपोआप निघालं, "वा, आई."

बाईंना वाटलं, घड्याळापेक्षा हे बरं.

संध्याकाळी तिघं पेटीभोवती जमले. मुलगा रबरी बूट घालून आला होता. सुनेने बटण दाबलं.

टिक.

पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला. पडदा काळाच राहिला. सुनेने पुन्हा दाबलं. पुन्हा टिक, आणि काही नाही.

"झालं चालू?" मुलाने विचारलं.

सुनेने केबल काढून बाकीचं सुरू करून पाहिलं. ते सुरू झालं. म्हणजे दोष केबलमध्येच. आणि केबलने कार्ड जाळलं असेल तर? ते कार्ड पुन्हा आणायचं म्हणजे मोठा खर्च, आणि शनिवारच्या आत तर शक्यच नाही. सुनेचा चेहरा उतरला. बाईंना वाटलं, आता ही बोलेल. बोल बाई, काय हवं ते बोल. पण सुनेने केबल टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "असू दे, आई. तुम्ही दमलात. आराम करा."

कारखान्यात हार्नेस चुकला की मुकादम सगळ्या शेडला ऐकू जाईल असा ओरडायचा. आणि जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून डब्यातलं अर्धं बाईंच्या डब्यात टाकायचा. माणूस ओरडतो तेव्हा निदान आपल्याला आपलं तरी समजतो. हे "आराम करा" मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी पक्कड, सळई, दोरा, मीटर डब्यात ठेवलं, डबा पलंगाखाली सरकवला आणि ठरवलं, आता कशालाच हात लावायचा नाही. पाहुण्यासारखं राहायचं. पाहुण्याला सगळं आयतं मिळतं.

सकाळी त्या उठून बाहेर आल्या तर सून जेवणाच्या टेबलाशी केबल घेऊन बसलेली. समोर माहितीपत्रक उघडं. डोळ्यांवर झोप नव्हती, पण कपाळावर आठ्या होत्या.

"आई, बसा जरा. मला एक सांगा. पहिल्या भोकात तुम्ही कुठली तार घातलीत?"

"पिवळी. चित्रात आहे तशी." बाई तिच्या समोर बसल्या. "वरच्या ओळीत डावीकडून पहिली, दुसरी, तिसरी, तीनही पिवळ्या. मग एक काळी."

"पण इथे डावीकडून पहिली काळी आहे."

"चष्मा लाव. पिवळी आहे."

"आई, काळी आहे."

"अगं, या हातांनी घातलीय मी. पिवळी."

"अहो आई," आणि इथे सुनेचा आवाज चढला. चांगलाच चढला; आतल्या खोलीतून मुलगा दात घासता घासता बाहेर आला. "डावीकडून पहिली म्हणजे पहिली. मला काय रंग कळत नाहीत? समोर दिसतेय मला ती काळी. तुम्ही ऐकून का घेत नाही?"

बोलून झाल्यावर तिलाच धसका बसला. तिने तोंडावर हात ठेवला. पण बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. या घरात त्यांच्यावर कुणीतरी पहिल्यांदा ओरडलं होतं. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्या उलट दुप्पट आवाजात म्हणाल्या, "आणि मला समोर दिसतेय ती पिवळी."

दोघी थांबल्या. दोघींनी एकदमच खाली पाहिलं. प्लग मधोमध टेबलावर उभा होता, खटका वर. त्याचं तोंड सुनेकडे होतं. ज्या बाजूने तारा आत शिरतात ती पाठ बाईंकडे होती.

"तुम्ही मागून मोजता?" सुनेने हळूच विचारलं.

"मग कुठून मोजणार? तारा मागून घालायच्या, तर मागूनच बघायचं. आमच्या कारखान्यातली सगळी चित्रं मागून काढलेली असायची. तारा घालणारा माणूस पाठीमागेच बसतो ना."

"हे चित्र पुढून काढलंय, आई. तोंडाकडून."

बाईंनी चित्र हातात घेतलं. प्लग फिरवला. पुन्हा फिरवला. डावीकडची पिवळी उजवीकडे गेली. जिथे वीज यायची त्या एका भोकात परतीची तार गेली होती. आणि मीटर? मीटर बिचारा विचारणाऱ्याच्या हो ला हो. चुकीच्या भोकातून चुकीच्या भोकाला विचारलं, तो पीं म्हणाला.

"जन्म गेला माझा या कामात," बाई म्हणाल्या. "आणि तुझं कार्ड जाळलं मी."

"माहीत नाही अजून. टिक झालं ना, तो सप्लाय स्वतःहून बंद झाला. तारा एकमेकींना भिडल्या की वीज तोडायची, हे त्याचं कामच आहे." मग सुनेला अचानक हसू फुटलं, आणि हे ते नेहमीचं गोड हसू नव्हतं; नाकातून फुर्र करून आलेलं होतं. "आई, तुम्हाला एक सांगू? छताचा नकाशा आम्ही कसा काढतो माहितेय? जमिनीवर आरसा ठेवून त्यात छत बघावं तसा. आणि मी पहिल्या नोकरीत काढला उताणं झोपून वर बघावं तसा. सगळं उलट. जेवणाच्या टेबलावरचा दिवा गेला कपाटाच्या डोक्यावर. दिवे बसवून झाल्यावर कळलं."

"मग?"

"मग काय. घरमालक कितीतरी दिवस अंधारात जेवले."

बाई हसल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुलगा तोंडात फेस घेऊन दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. आत्ता भांडत होत्या आणि आता हसतायत, याचा हिशेब त्याला शेवटपर्यंत लागला नाही.

हसणं ओसरलं तशा बाई उठल्या. "तू कुणाकडून तरी करून घे. मी नाही आता हात लावणार."

"मग कोण लावणार? मला गाठी येत नाहीत," सून म्हणाली. तिने स्वतः पलंगाखालून डबा ओढला आणि टेबलावर दाणकन ठेवला. "तुम्ही मागून मोजा, मी पुढून मोजते. दोघींचं जुळलं तरच पिन आत."

बाईंना स्वतःच्याच गाठी कापाव्या लागल्या. त्यांनी कात्री सुनेकडे दिली. "कापायला तू काप. माझ्याने नाही व्हायचं." मग सळईने पिना एकेक करून निघाल्या आणि एकेक करून नव्या भोकांत गेल्या. पुढून पिवळी. मागून पिवळी. खट्ट. पुढून काळी. मागून काळी. खट्ट. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही. शेवटी मुलाने गॅस बंद केला, तेवढं त्याला येत होतं.

दोरा बांधायची वेळ आली तेव्हा सून म्हणाली, "एक गाठ मी मारू?"

बाईंनी दाखवलं. असा फेरा, असा खालून, मग ओढ. सुनेने मारली. ती गाठ इतकी बेंगरूळ झाली, की कारखान्यात बाईंनी ती बघताक्षणी कापली असती. त्यांचा हात कात्रीकडे गेलाही. पण त्यांनी गाठ ओढून पाहिली, ती धरत होती, आणि त्यांनी हात मागे घेतला.

केबल बसली. झाकण लागलं. मुलगा बूट शोधायला गेला, तर सून म्हणाली आता बूट राहू दे. तिने बटणावर बोट ठेवलं आणि बाईंकडे बघितलं. बाईंनी श्वास रोखून धरला होता. कार्ड गेलं असेल तर वाचनालय गेलं, आणि वाचनालय गेलं तर ही पोरगी पुन्हा गोड हसून आराम करा म्हणेल आणि त्यातून सुटका नाही, हे त्यांना लख्ख कळत होतं.

सुनेने बटण दाबलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला. पडदा उजळला आणि काही वेळाने त्यावर एक उंच दार उघडलं. आत लाकडी जिना, खिडक्यांतून आलेलं ऊन, मुलांसाठी बुटकी कपाटं. सून बोटांनी वळवेल तसं वाचनालय वळत होतं, कुठे अडत नव्हतं, कुठे तुटत नव्हतं. बाईंनी पेटीच्या पत्र्याला हात लावून पाहिला. कोमट होता, तापलेला नव्हता. मग त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं.

"काय झालं, आई?"

"काही नाही. छतातले दिवे जागच्या जागी आहेत ना, ते बघतेय."

शनिवारी सून पेटी पिशवीत घालून सभागृहात गेली. बाई घरी राहिल्या आणि घड्याळाकडे बघत बसल्या. कारखान्याने ते कशासाठी दिलं होतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. दुपार कलल्यावर सून आली. पेटी एकदाही अडखळली नाही, म्हणाली. मंडळी जिन्यावरून वरखाली करून दमली, पण पेटी दमली नाही. काम मिळेल की नाही ते त्यांच्या सवडीने कळवणार होते. त्यांतल्या एका आजोबांना मात्र वाचनालयापेक्षा पेटीतच रस. झाकण उघडून दाखवायला लावलं आणि विचारलं, हे दोऱ्याचं काम कुणाचं.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, घरातच करतो आम्ही. सात गाठी सासूबाईंच्या, एक माझी. ते म्हणाले, तुमची कुठली ते ओळखू येतंय."

त्यानंतर घरात फार काही बदललं असं नाही. सवय ती सवय. बाईंनी बादली उचलली की सून अजून धावत यायची, "आई, तुम्ही कशाला..." म्हणायची, आणि मध्येच थांबून बादलीची दुसरी बाजू धरायची. तेवढ्यावर बाई खूश होत्या.

मग एका दुपारी बाई खोलीत आडव्या झाल्या होत्या. बाहेर सुनेचं फोनवर कुणाशी तरी बोलणं चाललं होतं, तिच्या कामातली कुणी मैत्रीण असावी. पेटी, आखूड केबल, झाकण लागत नाही, असे शब्द अधूनमधून येत होते. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. आणि मग सुनेची हाक आली, चांगली घसा ताणून मारलेली.

"आई, झोपलात का? उठा. तुम्हाला एक त्रास द्यायचाय."

गाठमास्तरीणबाई उठल्या. चष्मा त्यांनी आधीच लावून ठेवला होता.